नाटकातला बेलभंडार

यंदाही पाणी उतरलं आहे. चैत्र संपत आला की पौडाच्या बाजारात भेटणारी काही माणसं एकमेकांना रामराम करायच्या आधी विचारतात, "कुटवर उतरलं?" मग समोरचा सांगतो, "वडाच्या खोडापतुर," नाहीतर, "हिरीचं तोंड दिसाया लागलंय." परक्याला वाटावं, कुणाच्या तापाची चौकशी चालली आहे. मुळशीच्या धरणात ज्यांची गावं गेली त्यांची ही बोलणी. पाणी आटलं की साऱ्या जगाच्या तोंडचं पाणी पळतं, पण या माणसांचं उलटं. पाणी आटलं की त्यांना आपलं गाव भेटतं. वैशाखाच्या उन्हात, चिखलात, थोडे दिवस भेटतं, आणि आषाढ लागायच्या आत पुन्हा जातं.

मी त्या गावांतला नव्हे. आमचं दुकान पौडाच्या पेठेत आहे आणि वडिलांपासून धंदा पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्याने देण्याचा. लग्न, उरूस, जत्रा, तमाशा, कीर्तन, सभा, कुणाला उजेड लागला की हाक आम्हाला. आज सत्तेवाल्यांच्या डोक्यावर टांगलेली बत्ती उद्या त्यांना शिव्या घालणाऱ्यांच्या डोक्यावर टांगायची आणि दोघांचंही भाषण ऐकताना तोंड सारखंच ठेवायचं, ही आमच्या धंद्याची रीत. बत्तीला पंप मारणाऱ्याकडे कुणी बघत नाही, त्याला मात्र सगळ्यांचे चेहरे दिसतात. भाषण लांबलं की माणसं कशी तंबाखू मळत बसतात आणि डफावर थाप पडली की तीच माणसं कशी ताठ होतात, हे मी उभ्या जन्मात इतक्यांदा पाहिलं आहे की कुणी म्हणालं, गाण्याने काय होतंय, तर मला हसू येतं. गाण्याने पुष्कळ होतं. कधीकधी वाटतं, इतकं व्हायला नको होतं.

पाण्याखालून वर आलेलं गाव एकदा पाहावं. आधी वास येतो. कुजलेल्या मासळीचा, शेवाळाचा आणि त्याच्या तळाशी ओल्या मातीचा. मग काळी पडलेली आंब्याची खोडं दिसतात, भातखाचरांचे बांध दिसतात, ते इतक्या वर्षांच्या पाण्यानेही हललेले नाहीत. घरं नाहीत, पण घरांची दगडी जोती आहेत. एखाद्या जोत्यावर जात्याची तळी पडलेली असते आणि तिच्यात शिंपले. इथे सोपा होता, इथे गोठा, इथे न्हाणी, असं बायका पायाने जमीन दाखवत सांगतात. त्यातल्या कितीतरी जणींनी ते घर उभं असलेलं पाहिलेलंही नाही, त्यांचा जन्म पाणी भरल्यानंतरचा. तरी न्हाणीच्या जागी पाय देताना त्या लुगडं थोडं वर उचलतात.

आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ही माणसं आपापल्या जोत्यावर जातात. पितरांना पाण्याचा करा द्यायचा असतो. ज्यांचे पितर पाण्याखालीच आहेत त्यांनी त्यांना पाणी कशाला द्यायचं, असं मी एकदा थट्टेने नामाला म्हणालो होतो. तो रागावला नाही. म्हणाला, "त्ये धरनाचं पानी. ह्ये घरचं हाय." जोत्यावर सडा घालतात, तीन दगडांची चूल मांडतात, पोळ्या भाजतात, आंब्याच्या रसासकट नैवेद्य ठेवतात. आणि ऊन कलायच्या आत वर निघताना चुलीचे तिन्ही दगड पालथे घालतात. हे चुकवायचं नाही. दगड तसेच राहिले तर पितरांना वाटतं, पोरंबाळं कायमची परत आली, आणि मग ते त्यांना जाऊ देत नाहीत.

नामा माझा शाळासोबती. गाव बुडाल्यावर त्याचा बाप रिहे गावाला आला आणि दुसऱ्याच्या भाताच्या खाचरात वाट्याने राबू लागला. पुढे नामाही तेच करू लागला. उंच, रुंद छातीचा, आवाज असा की रिह्याच्या खोऱ्यात एका बाजूच्या डोंगरावरून त्याने हाक दिली की पलीकडचे बैल कान टवकारत. मला तो हुसेन्या म्हणायचा, बाकी गाव हुसेनभाई म्हणे. बायको सखू भरे गावची, बारीक चणीची, पण बोलायला फटकळ. मूल नव्हतं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांशी भांडल्यावाचून दिवस जात नसे.

मी सांगतो आहे ती आखिती दहाएक वर्षांपूर्वीची. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. गावोगाव कलापथकं फिरत होती आणि माझ्या बत्त्यांना उसंत नव्हती. पुण्याहून एक पथक आलं, त्याचा म्होरक्या होता एक शाहीर. त्याला सगळे नुसतं शाहीरच म्हणत, मीही तेच म्हणतो. चाळिशीचा, किडकिडीत, खोकला लागलेला, पण डफ हातात आला की त्याचं वय उतरायचं. माणूस सच्चा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून त्याच्या नावाने बोटं मोडावीशी वाटतील. इतर पथकं चावडीपुढे येऊन गाऊन जात. हा आखितीला माणसांबरोबर खाली उतरला, चिखलात पाय रुतवत जोत्याजोत्यावर फिरला. सखूने त्याला पोळी वाढली. दगड पालथे घालताना पाहून तो थबकला. "हे का?" त्याने विचारलं. सखूने सांगितलं. तो कितीतरी वेळ त्या दगडांकडे बघत राहिला आणि मला तेव्हाच वाटलं, आता याचं गाणं होणार.

झालंच. दोन-चार दिवसांत त्याने एक छोटा वग बांधला. धरणात बुडालेल्या गावाचा माणूस आखितीला आपल्या जोत्यावर जातो, चूल मांडतो, आणि निघायची वेळ झाली तरी दगड पालथे घालत नाही. "ही चूल पालथी घालणार नाही, हे जोतं सोडणार नाही," असं म्हणून तो तिथेच बसतो. आपलं राज्य येईल, आपली भाषा राज्य करील, आपली जमीन आपल्याला मिळेल, असा शेवट. ही भूमिका पथकातल्या नटाने करायची नाही, इथल्याच माणसाने करायची, असा शाहिराचा हट्ट. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मग त्यानेच बोलावं. नामाचा आवाज त्याने ऐकला होता.

इथवर सगळं ठीक होतं. पण शेवटच्या प्रसंगाला जोर यावा म्हणून शाहिराने आणखी एक गोष्ट घातली. नायकाने हे बोलताना बेलभंडार उचलायचा, म्हणजे देवाची शपथ घ्यायची. बुडणाऱ्या गावातून वर आणलेला खंडोबा पाण्याच्या काठावरच्या टेकाडावर बसवला आहे. प्रयोग त्याच्याच पुढे होता. शाहिराने पुजाऱ्याकडून देवापुढचा बेल मागून घेतला, देवाचाच भंडार घेतला आणि प्रयोगात तो स्वतःच्या हाताने नामाच्या ओंजळीत घातला. पुण्याच्या माणसाला तो पिवळा रंग होता. बत्तीच्या उजेडात छान दिसला असता, आणि दिसलाही.

दिवेलागण होऊन गेली होती. टेकाडाच्या उतरणीवर माणूस मावत नव्हतं. नामाने ओंजळ वर केली, भंडार त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि तो बोलला. लाउडस्पीकरची गरज नव्हती. खाली काळोखात पडलेल्या गावापर्यंत ते गेलं असणार. टाळ्या पडल्या नाहीत. मी इतके प्रयोग पाहिले, पण असं कधी पाहिलं नव्हतं. माणसं उठून उभी राहिली आणि म्हाताऱ्यांनी डोक्यावरची मुंडाशी काढली. शाहीर डोळे पुसत होता. त्याला वाटलं, आपला वग लागला. मी बत्तीमागे उभा होतो, मला सखूचा चेहरा दिसत होता. ती पांढरीफटक पडली होती.

दुसऱ्या दिवशी नामा भांडीकुंडी, कुऱ्हाड आणि कुडाच्या ताट्या घेऊन खाली उतरला. बापाच्या जोत्यावर त्याने खोपट बांधलं, तीन दगडांची चूल मांडली आणि गाळात काकडी, भोपळा टोकला. गाळपेर सगळेच करतात, पण दिवस मावळताच वर येतात. हा राहिला. शाहीर धावत आला. मी त्याच्याबरोबर होतो.

"नामदेवराव, अहो, ते नाटक होतं!"

"नाटक तुमचं. भंडार द्येवाचा व्हता."

"पण मी तर फक्त..."

"तुमीच दिला न्हवं हातात? मग? आता म्या काय त्वांड घिऊन वर यीऊ?"

बाकीची माणसंही त्याच्याच बाजूची होती. शपथ ही शपथ, ती रंग लावून घेतली म्हणून काय देवाला कळत नाही? यातून मोकळं व्हायची रीत एकच. ज्याने भंडार हातात दिला त्यानेच देवापुढे पंचांच्या देखत तो परत घ्यायचा आणि सांगायचं, मी वदवून घेतलं ते खोटं होतं. शाहिराने हे ऐकून घेतलं. घाई काय, पाऊस लांब होता.

आणि मग जे व्हायचं ते झालं. पुढाऱ्यांना कळलं. पुण्यामुंबईचे पेपरवाले आले, खोपटापुढे नामाचा फोटो निघाला. चळवळीची माणसं जथ्याने खाली उतरू लागली, जोत्यावर उभं राहून भाषणं करू लागली. "चूल पालथी घालणार नाही" ही ओळ सभांतून घोषणा झाली, भिंतींवर चुन्याने लिहिली गेली. आम्हा पौडकरांनाही ताठ चालावंसं वाटू लागलं, खोटं कशाला बोलू? या खोऱ्यातली माणसं तोवर मान खाली घालूनच जगली होती. कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर "बुडितातले" असं पुटपुटायची. त्या उन्हाळ्यात ती माणसं मोठ्याने गावाचं नाव सांगू लागली. हे अर्जांनी झालं नव्हतं, भाषणांनी झालं नव्हतं. ते एका ओळीने केलं, आणि ती ओळ ज्याच्या जिवावर उभी होती तो नामा खाली चिखलात भाकरी भाजत होता.

वळवाच्या सरी येऊन गेल्या. करवंदं काळी पडली, जांभळं सडली. भाषणवाले येईनासे झाले, कारण वाट निसरडी झाली होती. धरणाचे पहारेकरी येऊन बजावून गेले. आता काठावर रोज नवं काही दिसेनासं होऊ लागलं. आज खालच्या खाचराचा बांध, उद्या विहिरीचं तोंड. धरणाचं पाणी लोंढ्याने येत नाही. ते चढताना आवाजही करत नाही, सकाळी बघावं तर काल बगळा उभा होता तो दगड नाही. नामाने सखूला वर पाठवून दिलं होतं. ती रोज भाकरी घेऊन जायची आणि रोज भांडून यायची.

एका दुपारी शाहीर माझ्या दुकानात बसला होता. मी काचा पुसत होतो. सखू भिजलेल्या लुगड्यानिशी आत आली. तिने त्याला हात जोडले नाहीत की काही नाही.

"ते गानं तुमचं हाय न्हवं?"

"हो."

"मग मागं घ्या. मानूस माजा हाय."

ती ओट्यावर टेकली, पाण्याचा पेलाही तिने नाकारला. मग शाहीर माझ्याकडे वळून बोलू लागला, तिच्याकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता. पुढारी सांगत होते, पुण्यात मोठी सभा ठरली आहे, नामाचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, तेवढी सभा होऊ द्या, मग काय करायचं ते करा. "आणि ते सोडा हो हुसेनभाई," तो म्हणाला, "मी खोटं म्हणू कसं? सगळ्या आयुष्यात मला खरी अशी ही एकच ओळ सापडली. ती देवापुढे उभं राहून खोटी म्हणायची? उद्या ती म्हणणाऱ्या हजारो माणसांना काय सांगू?"

"शाहीर," मी म्हणालो, "पाणी काय सभेची तारीख बघून चढतं?"

तो खोकत राहिला. मला त्याचा संताप आला होता आणि कीवही येत होती. आजही दोन्ही तेवढंच येतं. त्या माणसाला मी वाईट म्हणू शकत नाही. त्याच्या जागी बोलघेवडा कुणी असता तर क्षणात म्हणाला असता, चला, खोटं तर खोटं, एक शब्द तर बोलायचा. शब्दाला किंमत होती म्हणूनच त्याचा जीव अडकला होता. नामाचाही त्याचसाठी अडकला होता, पण नामाचा खराखुरा, पाण्यात.

शाहीर आला. सभा व्हायच्या आत आला, पुढाऱ्यांना न सांगता. सकाळची वेळ, वर धो धो पाऊस, खोपटाच्या जोत्याला पाणी लागलेलं. पंच घोंगड्या पांघरून देवळात बसले होते. नामा देवापुढे यायला राजी झाला, गुडघ्यापर्यंत भिजलेला आला. पंचांनी त्याच्या ओंजळीत पुन्हा भंडार घातला, शाहिराने तो परत घेतला आणि काहीतरी बोलला. ज्याचा आवाज अख्ख्या जत्रेला पुरायचा त्याचं बोलणं दारात बसलेल्या पंचांना ऐकू गेलं नाही.

"मोट्यानं बोला," एक म्हातारा म्हणाला. "शपत मोट्यानं घ्येतली व्हती."

"मी याच्याकडून वदवून घेतलं ते खोटं होतं," शाहीर म्हणाला. त्याला ते तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज नीट लागला.

नामा खाली मान घालून ऐकत होता. सगळं झाल्यावर त्याने विचारलं, "म्हंजी जमीन आपली हाय, त्ये बी खोटंच का?"

सखूने नवऱ्याचा दंड धरला आणि दोघं खाली गेली. त्याने स्वतःच्या हाताने चुलीचे दगड पालथे घातले, ताट्या पाठीवर बांधल्या आणि ती दोघं वर आली. एवढंच झालं. माणूस वाचला. त्या दुपारी मी घरी येऊन पोटभर जेवलो आणि संध्याकाळपर्यंत झोपलो.

पुढे राज्य आलं. पौडातही दिवाळी झाली, दुकानातली एकूण एक बत्ती त्या दिवशी बाहेर होती. जमीन आली नाही. कशी येणार, ती पाण्याखाली होती आणि पाण्याची वीज होऊन कुठेतरी दूर दिवे लागत होते. नामा रिह्याला दुसऱ्याच्या खाचरात परत गेला. लोक त्याला टाळू लागले. त्याच्यामुळे ताठ झालेल्या माना त्याला बघून पुन्हा खाली जात, हे माणसांना सोसवत नव्हतं. "नेला असता पान्यानं तर नाव तरी ऱ्हायलं असतं," असं एकाने माझ्या दुकानात म्हटलं. मी त्याला बत्ती दिली नाही. शाहिराला त्याच्याच लोकांनी गद्दार ठरवलं. ऐन लढ्यात कच खाल्ली म्हणाले. पथक दुसऱ्याच्या हाती गेलं, आणि तो कुठल्याशा छापखान्यात खिळे जुळवायला लागला, एवढं कानावर आलं. डफ त्याने पुन्हा धरला नाही म्हणतात.

ओळ मात्र राहिली. ती कुणाची राहिली नाही म्हणूनच राहिली असेल. वग हातोहात फिरत गेला, प्रत्येकाने त्यात थोडी भर घातली. आणि कुणीतरी शेवट बदलला. नव्या वगात नायक जोत्यावरून उठत नाही, पाणी त्याच्या गळ्याला येतं, तरी तो गात राहतो आणि बुडतो. कुणाला दोष द्यावा? मला विचाराल तर हा शेवट जास्त चांगला आहे. रडू येतं. रडून झालं की माणूस मूठ वळतो. जिवंत माणूस घरी परतून दुसऱ्याच्या शेतात भाताची आवणी करतो, यावर कोण मूठ वळणार? चळवळीला हुतात्मा लागतो, गाण्याला शेवट लागतो, आणि नामाकडे दोन्ही नव्हतं.

यंदाच्या आखितीला असंच एक पथक पौडात आलं. कॉलेजातली पोरं, दुसऱ्या कुठल्या धरणात गावं जात होती त्यांच्यासाठी फिरणारी. चांगली पोरं होती, उन्हाने रापलेली, घसे बसलेले. बाजाराचा दिवस होता. मी सांजेला बत्त्या टांगल्या. गर्दीत कडेला मला नामा दिसला. बाजार करून परत निघालेला, केस पांढरे झालेले, बाजूला सखू पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी त्यांना खूण केली, जा म्हणून. नामाने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

वग झाला. नायकाच्या गळ्याशी पाणी आलं, त्याने ती ओळ म्हटली, आणि तो गेला. पोरं खरंच रडत होती, बाजारकरू बायका रडत होत्या. मग त्यांच्यातला एक पुढे झाला आणि म्हणाला, "याच मातीत, याच पाण्यात बुडालेल्या त्या हुतात्म्यासाठी आपण सगळे क्षणभर उभे राहू या."

सगळे उठले. नामाही उठला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घातली.

सखू त्याचं धोतर ओढत होती. "बसा की वो," ती कुजबुजत होती. "आवं, बसा."

"गप ऱ्हा," नामा म्हणाला. "मेल्याला मान द्यावा मानसानं."